चोथ्यातला उजेड : एका शोधनिबंधाचे रसग्रहण

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत लावले. ते वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. रसिकतेचा इतका जुना दाखला ज्या गावाच्या नावावर आहे, तिथल्या वाचकाने विज्ञानाचा एखादा शोधनिबंध कवितेसारखा सावकाश वाचायला हरकत नसावी. मी निवडलेला निबंध 2019 साली ‘ऑप्टिकल मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले, रसायनशास्त्र विभागातल्या गोविंद कोळेकर यांच्या गटाचे. लेखकांत पहिले नाव दत्ता गुंजाळ यांचे. विषय असा : चहाच्या चोथ्यापासून नायट्रोजनयुक्त कार्बन डॉट तयार करायचे, आणि त्यांच्या उजेडावरून टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मोजायचे.

निबंधाचे लांबलचक शीर्षक वाचले की सगळा पट समोर येतो. साहित्य काय, तर टाकाऊ चोथा. शोध कशाचा, तर टेट्रासायक्लिनचा. कुठे, तर लघवीच्या आणि औषधांच्या नमुन्यांत. शेवटी एक जोडकाम : याच डॉटनी यीस्टच्या पेशी उजळून दाखवणे. विज्ञानातली शीर्षके अशीच असतात. ती काही लपवत नाहीत, आणि चांगल्या निबंधात फुशारकीही मारत नाहीत. इथे दूध, मांस, नदी यांचे नाव नाही. ते नाही हे वाचकाने सुरुवातीलाच टिपून ठेवावे.

आधी नायकाची ओळख. टेट्रासायक्लिनचे घराणे मातीतले आहे. अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत बेंजामिन डग्गर यांनी 1945 साली मिसुरीच्या एका शेताच्या मातीतला सूक्ष्मजीव वेगळा केला आणि त्यातून सोनेरी रंगाचे ऑरिओमायसिन, या घराण्यातले पहिले औषध, मिळाले. त्या वेळी तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. 1948 साली औषध जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. मग 1950 साली टेरामायसिन आले, म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लिन. हे औषध आजही पशुवैद्याच्या पेटीत असते. त्याचा दीर्घकाळ टिकणारा डोस साधारणपणे जनावराच्या वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅम धरला जातो. 300 किलोच्या गाईला एका वेळी 6 ग्रॅम.

या 6 ग्रॅमचा हिशेब निबंधात नाही, पण निबंध वाचताना तो पुढे करावा लागतो. औषध गाईच्या अंगात काम करते, पण तिथेच संपत नाही. त्याचा बराचसा भाग मूत्रातून आणि शेणातून जसाच्या तसा बाहेर पडतो, थोडा दुधात उतरतो. दुधातल्या टेट्रासायक्लिनच्या गटाला कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने लिटरमागे 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर असा मांडा : 10,000 लिटरच्या टँकरमध्ये मिळून फक्त 1 ग्रॅम. दूध उकळल्याने हे औषध पूर्ण जात नाही. रोज असे थोडे थोडे पोटात गेले की पोटातले जंतू त्या औषधाला सरावतात, आणि पुढे खऱ्या आजारात तेच औषध चालेनासे होते.

देशात हे किती आहे? भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 साली 1,103 शहरांतून दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्याचा अहवाल 2019 साली आला. 77 नमुन्यांत, म्हणजे 1.2 टक्क्यांत, प्रतिजैविके मर्यादेपेक्षा जास्त निघाली. त्यांत सर्वाधिक नमुने मध्य प्रदेशातले आणि त्याखालोखाल महाराष्ट्रातले. टक्का लहान दिसतो. पण दूध एकाच गोठ्याचे राहत नाही. ते कॅनमधून शीतकरण केंद्रावर आणि तिथून टँकरमध्ये जाऊन एकमेकांत मिसळते. एका गोठ्याची चूक त्यामुळे पातळ होते आणि सापडेनाशीही होते.

आता रचनेकडे. पहिली दाद द्यायची ती साहित्याच्या निवडीला. या देशात वर्षाला 100 कोटी किलोहून जास्त चहा पिकवून आपणच पितो. त्याचा चोथा गाळणीतून उकिरड्यावर, फार तर गुलाबाच्या कुंडीत. त्या चोथ्यात सेल्युलोज आहे, पॉलिफिनॉल आहेत, थोडी प्रथिने आहेत, म्हणजे कार्बन भरपूर. नीट उष्णता दिली की त्यातून दहा नॅनोमीटरपेक्षाही लहान कण मिळवता येतात. असा कण म्हणजे कार्बन डॉट. या कणांचा जन्मही केरातलाच. 2004 साली दक्षिण कॅरोलिना विद्यापीठात कार्बनच्या नळ्या शुद्ध करताना बाजूला पडलेल्या भेसळीत काहीतरी चमकताना दिसले, तिथून ही गोष्ट सुरू झाली. भेसळ म्हणून सापडलेला पदार्थ उकिरड्यावरच्या वस्तूतून घडवायचा, यात एक सुसंगती आहे. कॅडमियमसारख्या विषारी धातूंचे क्वांटम डॉट याआधी वापरात होते आणि 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल क्वांटम डॉटच्याच शोधाला मिळाले. पण अन्न तपासायला विषारी धातू वापरण्यातली विसंगती चोथ्याने टाळली.

नायट्रोजन का मिसळायचा? कणाच्या कार्बनी सांगाड्यात कुठे कुठे नायट्रोजनचे अणू बसले की इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या बदलतात आणि बहुधा उजेड वाढतो. उजेड वाढला की त्यात पडलेली बारीकशी घटही वाचता येते. रचनेतला प्रत्येक घटक असा पुढच्या घटकाची तयारी करतो.

उजेडाची ही तऱ्हा समजून घ्यायला जॉर्ज स्टोक्सपर्यंत मागे जावे लागते. 1852 साली त्याने दाखवले की क्विनीनच्या द्रावणावर डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण पाडले की द्रावण निळे चमकते. जास्त ऊर्जेचा प्रकाश आत घ्यायचा, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत गमवायची आणि उरलेली कमी ऊर्जेच्या, दिसणाऱ्या प्रकाशात परत द्यायची. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. कार्बन डॉटचे द्रावण साध्या उजेडात फिके पिवळट पाणी वाटते. अतिनील दिव्याखाली नेले की ते निळे उजळते.

आता निबंधाचे मर्म. या जातीच्या कामात टेट्रासायक्लिन आले की उजेड कमी होतो. जितके औषध जास्त, तितका उजेड मंद. यामागे बहुधा एक साधी गोष्ट असते. टेट्रासायक्लिन स्वतः 360 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश चांगला शोषते, आणि बऱ्याच कार्बन डॉटना उजळवणारा प्रकाशही तिथलाच असतो. खिडकीपुढे झाड वाढले की खोलीत काही न बदलताही अंधार होतो, तसे हे. डॉटना काही होत नाही, त्यांच्यापर्यंत पोचणारा प्रकाश मधल्यामध्ये अडतो. कधी औषधाचा रेणू डॉटला प्रत्यक्ष भिडून त्याची ऊर्जा काढूनही घेतो. उजेडाच्या घटीवरून औषध मोजण्यासाठी मूळ उजेड आणि कमी झालेला उजेड यांचे गुणोत्तर औषधाच्या प्रमाणासमोर मांडतात. रेषा सरळ आली तर मोजमाप विश्वासाचे. ऑटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी 1919 साली दिलेली ही मांडणी आजही अशा बहुतेक निबंधांचा कणा आहे.

हे मला सुंदर वाटते ते यासाठी की इथे अर्थ उजेडात नाही, उजेडाच्या उणेपणात आहे. लाल दिवा लागला म्हणजे धोका, ही आपल्याला सवय झालेली भाषा. इथे दिवा आधीपासून लागलेला आहे आणि तो मंदावला की समजायचे, काहीतरी आले. या रीतीत एक अवघडपण आहे, ते लपवू नये. मंद होण्याला कारणे अनेक असू शकतात. लोहाचे आयन, दुसरे एखादे रंगीत द्रव्य, साधा गढूळपणा, कशानेही उजेड उतरू शकतो. म्हणून या निबंधातला सर्वांत महत्त्वाचा दावा ‘मोजले’ हा नाही, तर टेट्रासायक्लिन ‘निवडून मोजले’ हा आहे. जाणत्या वाचकाने सगळी शंका तिथे आणावी.

निवडीचा हा प्रश्न दुसऱ्या एका परंपरेने फार देखणा सोडवला आहे. टेट्रासायक्लिनला दाद न देणाऱ्या कित्येक जिवाणूंमध्ये एक पहारेकरी प्रथिन असते. एरवी ते डीएनएला चिकटून बचावाचे जनुक बंद ठेवते. टेट्रासायक्लिनचा रेणू आत शिरला आणि या प्रथिनाला जुळला की ते डीएनए सोडते, जनुक चालू होते आणि औषध पेशीबाहेर हाकलणारा पंप तयार होतो. शास्त्रज्ञांनी पंपाच्या जनुकाच्या जागी जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक बसवले. आता औषध आले की जिवाणू हिरवा उजळतो. (त्या हिरव्या प्रथिनाच्या शोधाला आणि विकासाला 2008 चे नोबेल मिळाले.) खऱ्या अर्थाने बायोसेन्सर हा, कारण ओळखण्याचे काम इथे जीव करतो. काटेकोर बोलायचे तर कोल्हापूरचा डॉट रासायनिक सेन्सर आहे. त्याच्याकडे प्रतिपिंड नाही, पहारेकरी प्रथिन नाही. म्हणून तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आणि निवडीच्या बाबतीत जास्त पुरावा देणे त्याला भाग आहे.

टेट्रासायक्लिनच्या बाबतीत निसर्गानेही एक सेन्सर करून ठेवला आहे. हे औषध कॅल्शियमला धरते आणि वाढत्या हाडात जाऊन बसते. अतिनील प्रकाशाखाली ते हाड पिवळे चमकते. सुदानातल्या न्युबियात सापडलेल्या सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या हाडांत अशी पिवळी वलये दिसली, ते काम 1980 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या लोकांच्या धान्यात किंवा बिअरमध्ये मातीतला तसा सूक्ष्मजीव वाढला असावा, असा तर्क पुढे मांडला गेला. लहान मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत, कारण दात पिवळे पडतात. त्याचेही मूळ हेच.

आणि एक सेन्सर आपल्या स्वयंपाकघरात आहे. औषध दिलेल्या गाईच्या दुधाला विरजण लावले तर कधी कधी दही लागत नाही, कारण विरजणातले जिवाणूच त्या औषधाने अडतात. गृहिणी दुधाला नाही तर विरजणाला दोष देते. डेअरीत वापरली जाणारी डेल्व्होटेस्ट ही चाचणी याच तत्त्वावर उभी आहे : दुधात एका जिवाणूचे बीजाणू उबवायचे, ते वाढले तर आम्लाने रंग जांभळ्याचा पिवळा होतो, जांभळाच राहिला तर प्रतिजैविक आहे. या चाचणीला अडीच-तीन तास लागतात. तोवर टँकर निघून गेलेला असतो. प्रकाशाने चालणाऱ्या सेन्सरचे आकर्षण इथे कळते : तो मिनिटांत बोलतो.

आता वाशिमच्या वाचकाचे वाचन. सोयाबीनचा जिल्हा, दुधाचा धंदा बहुतेकांचा जोडधंदा, दारात दोन-चार जनावरे. गाईची कास सुजली, सडातून गुठळ्या यायला लागल्या की पशुवैद्य इंजेक्शन देतो, सडात ट्यूब सोडतो. औषधाच्या लेबलावर किती दिवस दूध वर्ज्य ते छापलेले असते. पण तेवढे दिवस दूध ओतून द्यायचे म्हणजे घरखर्चाला खिंडार. डेअरीवर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ) मोजले जाते, पैसे त्यावर मिळतात. जे मोजलेच जात नाही त्याला भावही नाही आणि दंडही नाही. मग औषधाचे दूध बाकीच्या दुधात गेले, तर एकट्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून भागत नाही.

निबंधातल्या लघवीच्या नमुन्यांकडेही मी याच नजरेने पाहतो. नमुना माणसाच्या संदर्भातला असला तरी औषध शरीरातून कसे निघते याचीच ती खूण आहे. गोठ्यातले मूत्र आणि शेण खताच्या खड्ड्यात जाते, खत शेतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात शेतातले पाणी नाल्यात. वाशिम जिल्ह्यातून पैनगंगा वाहते. काटेपूर्णा तर या जिल्ह्यात उगम पावून अकोल्याकडे जाते आणि अकोला शहर तिचे पाणी पिते. एका जिल्ह्याच्या गोठ्यातले उरलेसुरले दुसऱ्या जिल्ह्याच्या नळापर्यंत जाण्याची वाट भूगोलात आखलेली आहे. पाण्याच्या बाबतीत कायदा अजून मोकळा आहे. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांच्या मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी 2020 मध्ये काढला होता. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा राहिल्या नाहीत.

दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरे होत नाही. पहिला : दूध हा लघवीपेक्षा कठीण नमुना आहे. त्यातले स्निग्ध कण आणि केसीन हे प्रथिन प्रकाश विखुरतात. त्यातले कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवते. त्यातले रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व स्वतःच हिरवट-पिवळे चमकते. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याची द्रव्येही निळसर चमकतात. म्हणजे जिथे गरज आहे, तिथे डॉटच्या उजेडात दुसऱ्यांचे उजेड मिसळतात, आणि आधी प्रथिने वेगळी काढण्याची पायरी आलीच. दुसरा : चोथा सर्वत्र सारखा नसतो. आसामची दाणेदार (सीटीसी) पूड वेगळी, दुधात उकळलेला टपरीचा चोथा वेगळा. वनस्पतीच्या कचऱ्यापासून केलेल्या डॉटची प्रत्येक खेप सारखीच उजळेल याची हमी ही या सगळ्या शाखेचीच अडचण आहे. तिसरा : यीस्टचा भाग. डॉट पेशीत शिरतात आणि ती उजळून दाखवता येते, हे कळणे उपयोगाचे. पण मोजमापाच्या धाग्याशी तो सैल बांधला आहे. या विषयातल्या कितीतरी निबंधांना असे एक शेपूट असते.

आणि एक कसोटी वाचकाने स्वतः लावावी अशी. रसायनशास्त्रज्ञ मायक्रोमोलमध्ये लिहितात, कायदा मायक्रोग्रॅममध्ये. टेट्रासायक्लिनचा रेणुभार सुमारे 444. म्हणजे लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम ही मर्यादा साधारण 0.22 मायक्रोमोल होते. दुधासाठी म्हणून पुढे येणारा कोणताही सेन्सर, कोल्हापूरचा असो की कुठलाही, दुधातच या आकड्याच्या बऱ्याच खाली स्वच्छ बोलला पाहिजे. शुद्ध पाण्यात बोलला, हे पुरेसे नाही.

इतके दोष दाखवूनही माझा कौल या निबंधाच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तेव्हा पेनिसिलिन देशात बनवणे हा अभिमानाचा विषय होता, आणि तो योग्यच होता. औषध मिळावे ही त्या पिढीची गरज होती. औषध कुठे कुठे उरते ते कळावे, ही आपली गरज. कोल्हापूरच्या गटाने ही गरज महागड्या परदेशी संचाशिवाय, कोणत्याही घरी रोज फेकल्या जाणाऱ्या वस्तूतून भागवण्याची दिशा दाखवली. त्यांनी जेवढे मोजले तेवढेच सांगितले. विज्ञानात याला मी मोठा गुण मानतो.

पुढचे काम आता इकडचे आहे. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, अमरावती विद्यापीठाच्या छत्राखाली वाशिमची महाविद्यालये आहेत. रसायनशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने हा निबंध मिळवावा आणि आपल्याच जिल्ह्यातल्या दुधात, एकबुर्जी धरणाच्या आणि पैनगंगेच्या पाण्यात तो पारखून पाहावा. चाचणी डेअरीवर फॅटच्या यंत्राशेजारी बसेल इतकी सोपी आणि स्वस्त झाली, आणि औषधाच्या दिवसांतले दूध वेगळे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्या दिवसांची भरपाई मिळाली, तरच तिचा उपयोग. तोवर गोठा असणाऱ्यांनी इंजेक्शन देणाऱ्या पशुवैद्याला एवढे विचारून घ्यावे : दूध किती दिवस वापरायचे नाही? आणि दूध विकत घेणाऱ्यांनी आपल्या डेअरीला विचारावे : तुमच्याकडे प्रतिजैविकाची चाचणी होते का?